पॉवर आर्मर, एक्झोसूट, मेका: कथेत नक्की काय म्हणावं?

घाटमाथा

दिवाळी अंकासाठी पाठवलेली माझी विज्ञानकथा संपादकांकडून परत आलीय. साभार परत नाही, दुरुस्तीसाठी. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलंय: "पॉवर आर्मर? मराठी शब्द हवा." आता हा शब्द कथेत पानोपानी आहे. एक काढला आणि तिथे दुसरा चिकटवला, असं करून भागणार नाही.

कथा थोडक्यात सांगते. पुढचं कुठलंसं साल. वरंध घाटात दरड कोसळलीय, खालची वाडी गाडली गेलीय, रस्ताच वाहून गेल्यामुळे पोकलेन पोचू शकत नाही. तळेगावहून एनडीआरएफची तुकडी येते. त्यातले चार जवान अंगावर एकेक यंत्र चढवून पायवाटेने वाडीपर्यंत जातात आणि एरवी क्रेनशिवाय हलणार नाहीत असे धोंडे हातांनी उचलून बाजूला ठेवतात. लढाई नाही, परग्रहवासी नाहीत, बंदुकीची एक गोळी सुटत नाही.

मी वहीत काढलेले पर्याय: यांत्रिक चिलखत, शक्तिकवच, बाह्यकंकाल, यंत्रपोशाख. मोठ्याने वाचले की एकेक पडत जातो. 'शक्तिकवच' तर च्यवनप्राशाच्या जाहिरातीतलं वाटतं. मुलगा म्हणतो, सरळ 'मेका' लिही. भाचा म्हणतो, ते मेका नव्हेच, एक्झोसूट. दोघांची अशी जुंपली की आमटी गार झाली.

तर ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत की खरंच वेगवेगळे प्रकार? आणि माझ्या कथेत कुठलं बसेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबिस्किट

कर्णाची कवचकुंडलं. घ्या, झालं मराठीकरण. मानधन अर्धं माझं. (ह. घ्या.)

जुना अंक

ताई, भाच्याला एक चॉकलेट द्या. प्रकार वेगवेगळेच आहेत. पण मला विचाराल तर तुमचं घोडं नामापाशी अडलेलं नाही, क्रियापदापाशी अडलंय. तुमचा जवान ते यंत्र घालतो, त्यात बसतो की ते चालवतो? चिलखत चढवतात, गाडीत बसतात, पोकलेन चालवतात. हे एकदा ठरलं की वहीतले निम्मे शब्द आपोआप गळतील.

हा भेद फार जुना आहे आणि तो नीट मांडला रॉबर्ट हाइनलाइनने, १९५९ सालच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये. माझी प्रत फाउंटनच्या पदपथावरची, पाठीचा डिंक सुकून पानं सुटलेली, पण सूटचं वर्णन असलेली पानं शाबूत आहेत. त्यातला शिपाई सांगतो की सगळं सामान धरून हा सूट टनभर भरेल, पण त्याला ना सुकाणू, ना दांडे, ना पेडल. आतून शेकडो संवेदक आहेत, ते दाब ओळखतात. तुम्ही तळहात पुढे रेटला की आतल्या भिंतीवर दाब पडतो, आणि तो दाब नाहीसा होईपर्यंत सूटचा हात पुढे सरकतो. तुम्ही थांबलात की दाब गेला, सूटही थांबला. अभियांत्रिकी शिकलेल्यांना यात ऋण प्रत्याभरण (निगेटिव्ह फीडबॅक) दिसेल. शिपायाला ते ठाऊक असायची गरजच नाही. तो चालतो, सूट चालतो. तो उडी मारतो, सूट घरावरून जातो. हात तर गुंतलेले, म्हणून डोळ्यांपुढची माहिती बदलायची ती मान आणि हनुवटी हलवून. मला या पुस्तकाचं राजकारण अजिबात पटत नाही, पण ही चार पानं लिहिणाऱ्याला दंडवत.

हाइनलाइन त्याला कधी 'पॉवर्ड आर्मर' म्हणतो, कधी 'पॉवर्ड सूट'. शिपाई आपसात नुसतंच 'सूट' म्हणतात. त्यातही मॅरॉडर, कमांड आणि स्काउट असे तीन प्रकार आहेत. मोटारीच्या बळावर हलणारं चिलखत त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, ई. ई. 'डॉक' स्मिथच्या लेन्समन कथांत येऊन गेलंय. पण ते अंगात घातल्यावर माणसाला आतून काय वाटतं, हे लिहावं ते हाइनलाइननेच. पुढे जो हॉल्डमनने १९७४च्या 'द फॉरेव्हर वॉर'मध्ये त्याला 'फायटिंग सूट' म्हटलं आणि धोक्याची बाजू दाखवली: ताकद इतकी वाढलेली की शिकाऊ माणसाची साधी निष्काळजी हालचालही जिवावर बेतू शकते.

आता तुमच्या मुलाचा 'मेका'. जपानीत 'मेका' म्हणजे कुठलंही यंत्र, 'मेकॅनिझम'चं लघुरूप. गाडी मेका, बंदूक मेका. जपानबाहेर गेल्यावर त्याचा अर्थ आकसून 'आत माणूस बसून चालवतो तो महाकाय यंत्रमानव' एवढाच उरला. गंमत अशी की त्यांच्यातला सगळ्यात प्रसिद्ध मेका याच सूटच्या पोटी जन्मलाय. हाइनलाइनच्या पुस्तकाच्या १९७७च्या जपानी आवृत्तीसाठी स्टुडिओ नुए या चित्रकार-मंडळींनी सूटची चित्रं काढली, आणि ती पाहून १९७९च्या 'गंडाम' या कार्टून मालिकेची कल्पना आकाराला आली. मालिकेत यंत्र वाढत वाढत अठरा मीटर उंच झालं, धडात खोली आली, खोलीत खुर्ची आली. तरी नाव राहिलं 'मोबाइल सूट'. अठरा मीटरचा सूट कोण अंगात घालणार? पण नाव एकदा पडलं की पडलं.

दोन्हींच्या मधलीही एक जात आहे. १९८६च्या 'एलियन्स' चित्रपटातला पिवळा लोडर आठवतो का? मालधक्क्यावरचं यंत्र. बाई त्याच्यात उभी आहे, पट्ट्यांनी बांधलेली, तिचा पाय उचलला की यंत्राचा पाय उचलतो. पण अंगाभोवती सगळं उघडं, पुढून दगड आला तर थेट छातीवर. चिलखत त्यात नावालाही नाही. ताई, तुमचं यंत्र या लोडरच्या भावकीतलं आहे. तुमच्या जवानावर कुणी गोळ्या झाडत नाहीये, मग 'आर्मर' आलं कुठून? उचलणं हेच त्याचं काम. त्यामुळे संपादकांचं 'मराठी शब्द हवा' राहू द्या बाजूला, मुळात इंग्रजी शब्दच चुकीचा पडलाय.

राहता राहिला एक्झो. एक्झोस्केलेटन म्हणजे शाळेत खेकड्याच्या आणि झुरळाच्या धड्यात भेटलेलं बाह्यकंकाल. हा शब्द शास्त्राला धरून आहे, कारण यात वजन वाहण्याचं काम बाहेरच्या सांगाड्याकडे असतं. धोंड्याचं वजन सूटच्या हातातून, पाठीतून, पायातून परस्पर जमिनीत उतरायला हवं, तुमच्या जवानाच्या मणक्यातून नाही. कापडाचे आणि तारांचे मऊ एक्झोसूट निघालेत, ते स्नायूंना हात देतात, पण ताठ सांगाडा नसल्यामुळे वजन शेवटी तुमच्याच हाडांवर येतं. म्हणजे भाचाही पुरता बरोबर नाही. चॉकलेट अर्धंच द्या.

चहाबिस्किट, तुमच्या कवचाबद्दल: हा शब्द आता फार झिजलाय. विमा कवच आहे, रेल्वेच्या टक्करविरोधी यंत्रणेचं नावही 'कवच' आहे. शिवाय कर्णाचं कवच जन्मजात, अंगाचाच भाग. इंद्राला द्यायला त्याला ते कापून काढावं लागलं, म्हणून तर तो वैकर्तन. शरीरातच रुजवलेल्या सूटची कथा कुणी लिहिली तर तिथे हा शब्द चपखल बसेल. घाटातल्या दरडीला नको.

नगरी

'चिलखत' या शब्दाबद्दल दोन गोष्टी.

माझी सगळी नोकरी रणगाड्यांच्या दुरुस्तीत गेली. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे, कुणी आलात तर जरूर बघा. मराठी पेपरवाले आम्हाला 'चिलखती दल' म्हणतात. म्हणजे फौजेपुरतं बोलायचं तर चिलखत माणसाच्या अंगावरून उतरून केव्हाच गाडीच्या अंगावर गेलंय. वर्कशॉपात चिलखत म्हणजे पत्रा. इंजिन वेगळं, ट्रॅक वेगळे, तोफ वेगळी. पत्र्याचं काम मार खाणं, बाकी काही नाही. 'यांत्रिक चिलखत' म्हटलंत तर माझ्यासारख्याला पत्र्यालाच मोटार बसवल्यासारखं वाटतं.

उलट जुनं चिलखत बघा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ठेवलेली आहेत. सगळं वजन खांद्यावर आणि कमरेवर. ते माणसाला वाचवतं, पण त्याच्या ताकदीत भर घालत नाही, उलट थोडी खातं. प्रतापगडाच्या भेटीला महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं ते वाचण्यासाठी. जुना अंक यांच्याशी सहमत, तुमच्या जवानाला त्याची गरज नाही. डोक्याला हेल्मेट तेवढं द्या, दरड पुन्हा सुटू शकते.

फिजिओवाली

धागा बघून राहवलं नाही. मी पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याला इजा झालेल्या, कमरेखाली ताकद आणि संवेदना नसलेल्या रुग्णांना असल्याच यंत्रात उभं करणं हे माझं काम. तर खऱ्या जगात काय म्हणतात ते सांगते.

आम्ही 'एक्झो' म्हणतो. रुग्णांचे नातेवाईक 'मशीन' म्हणतात. 'बाह्यकंकाल' मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सरकारी कागदावर असेलही. आणि एक आजोबा कायम 'कॅलिपर' म्हणायचे. हसू नका, त्यांचं बरोबर होतं. पोलिओच्या पायाला लावायचे ते लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आठवतात ना? आमचं यंत्र म्हणजे त्याच घराण्यातलं, कंबरेत आणि गुडघ्यात मोटार आलेलं. अमेरिकेत २०१४ मध्ये असं एक यंत्र रुग्णांना घरी वापरायला परवानगी मिळाली, तीसुद्धा सोबत शिकवलेला माणूस हवा या अटीवर. हातात कुबड्या असतातच. रुग्णाने अंग एका बाजूला झुकवलं की यंत्राला कळतं, आता पाऊल टाकायचं.

कथांमध्ये जे कधीच दिसत नाही ते म्हणजे सांधे जुळवणं. यंत्राच्या गुडघ्याचा खिळा आणि माणसाचा गुडघा एका रेषेत यायला हवेत. माणसाचा गुडघा बिजागरीइतका सरळ नसतो, वाकताना त्याचा अक्ष सरकतो. खुब्याचं तर आणखी अवघड, कारण खुब्याच्या सांध्याचं केंद्र शरीराच्या आत खोल आहे, तिथे बाहेरून खिळा ठोकणार कसा? थोडा फरक राहिला की प्रत्येक पावलाला पट्टा कातडीवर घासतो. संवेदना असलेला माणूस ओरडेल, माझा रुग्ण ओरडणार नाही, त्याला कळतच नाही. म्हणून यंत्र काढल्यावर आधी मांडी, नडगी, टाच उघडून लाल चट्टा आहे का ते बघायचं, बाकी सगळं नंतर.

तुमचे जवान धडधाकट आहेत, ते ओरडतील. पण चौघांना एकच माप देऊ नका. मांडीची लांबी, नडगीची लांबी, कंबरेची रुंदी, इतकं प्रत्येकाचं मोजून यंत्राच्या नळ्या आतबाहेर कराव्या लागतात. घाईत एकाचा सूट दुसऱ्याने घातला तर काय होईल, हा तुमच्या कथेतला एक चांगला पेच होऊ शकतो.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. मापाचा पेच मी उचलला, फिजिओवाली ताई, तुमची हरकत नसेल तर.

पण शब्द अजून ठरेना. नगरीकाकांनी चिलखत काढून घेतलं, जुना अंक यांनी कवच. 'सांगाडा' किंवा 'बाह्यसांगाडा' लिहून पाहिलं. "जवानाने सांगाडा चढवला." मी स्वतःच दचकले. ढिगाऱ्याखालून माणसं काढायची कथा, तिथे सांगाडा हा शब्द पहिल्या पानावर? वाचकाला भलतंच दिसेल.

आणि दुसरा प्रश्न: अशी यंत्रं खरोखर करायचा प्रयत्न झाला असेलच ना? तिथे काय अडतं? मला पंचवीस वर्षांनंतरची गोष्ट लिहायचीय, परीकथा नकोय.

जुना अंक

सांगाड्याबद्दल तुमचं कान देणं अगदी योग्य. काढून टाका तो शब्द.

प्रयत्नांचं विचारलंत, तर १८९० साली निकोलस याग्न नावाच्या रशियन गृहस्थाने चालणं, धावणं, उडी मारणं सोपं करणाऱ्या साधनाचं अमेरिकन पेटंट घेतलं होतं. पायांना समांतर धनुष्यासारख्या लांब कमानी, मोटार नाही. खरं मोटारवालं धाडस जनरल इलेक्ट्रिकने केलं, अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या पैशाने, १९६५ पासून. नाव हार्डिमन. त्याची मुळं अणुकामात सापडतात. किरणोत्सारी पदार्थ जाड काचेच्या पलीकडून हाताळायला यांत्रिक हात लागतात, त्यांना मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर म्हणतात. आपल्या ट्रॉम्बेतही ते आहेत. इकडचा हात मालक, तिकडचा नोकर. इंग्रजीत या हातांना 'वाल्डो' असंही म्हणायचे, आणि तो शब्द हाइनलाइनच्याच १९४२ सालच्या एका कथेतून आलाय. जनरल इलेक्ट्रिकचा राल्फ मोशर असले हात बनवत होता. त्याने काच काढून टाकली आणि मालक-नोकर एकात एक घातले. आतला सांगाडा माणसाच्या अंगावर, बाहेरचा त्याच्याभोवती.

यंत्राचं वजन ६८० किलो, आणि तितकंच वजन उचलायचं उद्दिष्ट. माणसाने एक किलोचा जोर लावला की यंत्राने पंचवीसचा लावायचा. एका हाताने ३४० किलोपर्यंत मजल मारली. पण सगळे अवयव एकदम चालू केले की पाय बेभान झटके देऊ लागायचे, त्यामुळे आत माणूस उभा करून पूर्ण यंत्र कधी चालवलंच नाही. १९७१ मध्ये गाशा गुंडाळला. फिजिओवाली ताईंनी सांध्यांचं सांगितलं, त्यात ही भर घाला: एका हाताला वजन उचलायला लावणं जमतं, दोन पायांवर तोल सांभाळत ते वजन घेऊन चालणं जमत नाही. तुमच्या घाटातल्या पायवाटेवर तर विचारूच नका. तिथे मुरूम आहे, शेवाळ आहे.

दुसरी अडचण म्हणजे वीज. सार्कोस कंपनीचा एक्सओएस-२ हा सूट २०१० मध्ये दाखवला गेला, भारी चालायचा, पण मागे ऊर्जेची नळी जोडलेली. नळीच्या लांबीइतकंच शौर्य. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने २०१३ मध्ये 'टॅलोस' प्रकल्प काढला, पेपरवाल्यांनी त्याला आयर्न मॅनचा सूट म्हणून डोक्यावर घेतलं. २०१९ मध्ये पुरा सूट हाती न येताच तो आवरला. जपानमध्ये त्सुकुबा विद्यापीठाच्या सांकाई यांनी वेगळी वाट धरली. स्नायूंकडे निघालेला विजेचा सूक्ष्म संकेत कातडीवरच पकडायचा आणि मोटारीला सांगायचं. त्या सूटचं नाव एचएएल. (अवांतर: आपल्याकडे एचएएल म्हटलं की ओझरचा विमान कारखाना. नाशिककरांना हा परिच्छेद दोनदा वाचावा लागेल.)

कथेत विजेचं काय करणार ते ठरवा. व्हिडिओ गेमवाल्यांनी तो प्रश्न धीटपणे घेतलाय. २०१५च्या 'फॉलआउट ४'मध्ये नुसती फ्रेम वेगळी, तिच्यावर लावायचे पत्रे वेगळे, आणि पाठीत ऊर्जेची नळकांडी घालायची जी वापरून संपते. ती संपली की सूट अंगावर ओझं होऊन बसतो.

आता शब्द. तुमच्या पहिल्याच परिच्छेदात तुम्ही 'पोकलेन' लिहिलंय. पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी. आज घाटात जे यंत्र चालतं ते कुठल्याही कंपनीचं असो, ऑपरेटरपासून सरपंचापर्यंत सगळे त्याला पोकलेनच म्हणतात. जेसीबीचं तेच. कुणी 'उत्खनक' म्हणतं का? शब्दकोशात असेल, निविदेत असेल. मग तुमच्या जवानांनी तरी एकच शब्द का वापरावा? तुकडीच्या कागदावर एक, तोंडात दुसरा, आणि वाडीतल्या माणसाला, ज्याने ते यंत्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, त्याला तिसरा सुचेल. संपादकांना मराठी शब्द हवाय ना, तो तिसऱ्याच्या तोंडी घाला.

चहाबिस्किट

+१. आणि मानधनावरचा हक्क मी सोडतो.

घाटमाथा

काल रात्री बसून सगळं पुन्हा लिहिलं. नियमपुस्तिकेत 'शक्तिचलित बाह्यकंकाल, नमुना २' ठेवलंय, सरकारी वास यावा म्हणून मुद्दाम. जवान नुसतं 'सूट' म्हणतात, कारण तुकडीत अर्धे बिहारचे आणि तेलंगणाचे आहेत. आणि ढिगाऱ्यातून बाहेर काढलेली म्हातारी म्हणते, "लोखंडाचा अंगरखा घातल्याला पोरगा." पुढे कथा तिच्याच नजरेतून जाते तिथे सगळीकडे 'अंगरखा' आहे. नगरीकाकांच्या प्रतापगडावरून सुचला. तिथे अंगरखा वर आणि लोखंड आत होतं, इथे लोखंडच वर आलं.

शेवटचा प्रसंग टाकते, बघा बरं:

"बॅटरीचा दिवा लाल झाला तसा कदमने धोंडा खाली ठेवला. गुडघ्यातून घरघर आली आणि सूट उभ्याउभ्या थिजला. कदमने पावलांचे पट्टे सोडले, मग मांडीचे, मग छातीचा, आणि एका उडीत तो बाहेर आला. म्हातारीने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला."

फिजिओवाली

प्रसंग छान झालाय, पण कदम पडेल.

पावलं आधी सोडायची नाहीत. पावलं सुटली आणि छाती बांधलेली असली की माणूस यंत्राच्या छातीला लटकतो आणि तोल गेला तर यंत्रासकट पालथा होतो. आम्ही आधी रुग्णाला यंत्रासकट खुर्चीत बसवतो आणि मगच पट्ट्यांना हात लावतो. कदमकडे खुर्ची नाही, तर त्याने लाल दिवा लागल्याबरोबर, थोडी बॅटरी शिल्लक असतानाच, एखाद्या सपाट दगडावर बसून घ्यायला हवं. म्हणजे धोंडा ठेवायचा की आधी बसायचं, हा निर्णय त्याला बॅटरी संपण्याआधीच घ्यावा लागेल. तो उशिरा घेतो असं करा हवं तर, मग उरलेल्या तिघांनी सूट धरून ठेवायचा आणि त्याला पाठीमागून काखेत हात घालून बाहेर ओढायचं.

आणि उडी नको. तासन्‌तास यंत्राने पाय उचलून दिलेला माणूस बाहेर आला की पहिली काही पावलं अडखळतो, पाय आपल्या हिशोबाने उचलायचे हे शरीराला पुन्हा जमवावं लागतं. तांब्या म्हातारीनेच धरू दे, त्याच्या हातात देऊ नका.

घाटमाथा

बदललं. तो उशिराच घेतो निर्णय.